वेढा, पहारेकरी आणि परकी भाषा



गेल्या योम हाअत्झमाऊतच्या सुट्टीत आमच्या घरी पाहुण्यांची गर्दी होती. बहिणीचा नातू इंग्लंडहून आला होता, दोन मामा बेर शेव्हाहून आले होते. दुपारचे जेवण झाले, चहा झाला आणि कुणीतरी 'कास्ट अ जायंट शॅडो' हा जुना चित्रपट लावला. १९६६ सालचा, १९४८ मधल्या यरुशलेमच्या वेढ्यावरचा. नायक कर्क डग्लस. जोडीला युल ब्रिनर, फ्रँक सिनात्रा, जॉन वेन, सेंटा बर्गर आणि अँजी डिकिन्सन. चित्रपट संपल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, हे खरंच असं झालं होतं का?" मोठे मामा म्हणाले, "थोडं झालं होतं." धाकटे मामा म्हणाले, "झालं होतं ते यात फारच थोडं आहे." मग रात्री उशिरापर्यंत वाद चालला. त्या वादात आम्ही जे बोललो आणि जे बोलायचे राहून गेले, ते इथे मांडतो.

आधी वेढ्याविषयी, कारण तरुण वाचकांना तो नीट माहीत असेलच असे नाही. १९४८ च्या वसंतात यरुशलेममध्ये सुमारे एक लाख यहुदी राहत होते. पीठ, तेल, औषधे, दारूगोळा हे सारे तेल अवीवकडून एकाच रस्त्याने वर यायचे. शाअर हगाय इथे हा रस्ता डोंगरांच्या खिंडीत शिरतो आणि दोन्ही बाजूंच्या चढांवरून मालगाड्यांवर गोळीबार व्हायचा. आजही तेल अवीवहून यरुशलेमला जाताना रस्त्याच्या कडेला त्या गाड्यांचे सांगाडे ठेवलेले दिसतात. खिंडीच्या अलीकडे लात्रूनचा पोलीस किल्ला आहे. मे महिन्याच्या मध्यावर तो अरब लीजनच्या ताब्यात गेला आणि रस्ता बंद झाला. शहरात डोव योसेफ यांनी पाण्याचे आणि पावाचे रेशन लावले. बायका माळावरची खुबेझाची पाने खुडून आणून शिजवत. २८ मे रोजी जुन्या शहरातील यहुदी वस्तीने शरणागती पत्करली.

लात्रून घेण्यासाठी पहिला हल्ला २४ मेच्या रात्री सुरू झाला, दुसरा ३० मेच्या रात्री. दोन्ही फसले. तेव्हा लात्रूनला बगल देऊन, डोंगरांतून, शत्रूच्या नजरेआड दुसरा रस्ता काढला गेला. त्याला लोकांनी 'बर्मा रोड' म्हटले. ब्रह्मदेशातील लाशिओपासून चीनमधील कुनमिंगपर्यंतचा युद्धकाळातला रस्ता तेव्हा सर्वांच्या तोंडी होता, त्यावरून हे नाव पडले. ज्यांची वडीलधारी माणसे नोकरीनिमित्त रंगूनला राहिली, अशी बेने इस्रायल घरे आपल्यात आहेत. त्यांना हे नाव ऐकून वेगळेच वाटत असेल.

चित्रपटाचा नायक डेव्हिड मार्कस, ज्याला सारे मिकी म्हणत, ही खरी व्यक्ती. न्यूयॉर्कमध्ये १९०१ साली जन्म, वेस्ट पॉइंटचा पदवीधर, पेशाने वकील, दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने नॉर्मंडीत उतरलेला अमेरिकन कर्नल. १९४८ च्या जानेवारीत तो 'मायकल स्टोन' या खोट्या नावाने इथे आला. हगानाकडे लष्करी शिक्षणाची पुस्तके नव्हती. त्याने ती इंग्रजीत लिहिली आणि त्यांची हिब्रू भाषांतरे झाली. मेअखेरीस त्याला यरुशलेम आघाडीचा सेनापती नेमले आणि अलूफ हा हुद्दा दिला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, युद्धविराम सुरू व्हायला काही तास उरले असताना, अबू घोशच्या मठाजवळ स्वतःच्याच पहारेकऱ्याच्या गोळीने तो गेला. झोप येईना म्हणून अंगाभोवती पांढरे कापड गुंडाळून तो कुंपणाबाहेर गेला होता. परतताना पहारेकऱ्याने हिब्रूत हटकले, त्याने इंग्रजीत उत्तर दिले. तो वेस्ट पॉइंटला पुरला आहे. त्याच्या शवपेटीबरोबर मोशे दायान अमेरिकेला गेले होते.

एवढी खरी गोष्ट हाताशी असताना दिग्दर्शक मेल्व्हिल शॅव्हेलसन यांनी तिच्यात काय काय घातले? मॅग्डा नावाची हगानातील सुंदरी, जिच्यावर मार्कसचे मन बसते. जॉन वेनसाठी एक अमेरिकन जनरल. सिनात्रासाठी एक विनोदी वैमानिक, जो बाँब संपल्यावर सोड्याच्या बाटल्या खाली टाकतो. ही सारी पात्रे कल्पित. पत्नी एमा मात्र खऱ्या नावाने आहे. आमच्या बहिणीचा आक्षेप नेमका यावर होता. बेन गुरियनचे नाव बदलून 'जेकब झायन' करता, आणि बिचाऱ्या एमाचे नाव तसेच ठेवून तिच्या नवऱ्याला परस्त्रीच्या मागे लावता? पंतप्रधानाला पडदा आणि विधवेला नाही, हा कुठला न्याय? यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

तरी कल्पित पात्रे घालणे हाच गुन्हा, असे आम्ही मानत नाही. अडीच तासांत युद्ध दाखवायचे तर चार माणसांचे एक करावे लागते. युल ब्रिनरचा आशेर गोनेन हा असाच अनेक सेनानी मिळून बनलेला माणूस आहे, आणि तो पटतो. आमच्या मते कसोटी वेगळी आहे. कल्पित भागामुळे खरे काय घडले ते अधिक कळते की झाकले जाते? गोनेनमुळे कळते. हगानाच्या तरुण अधिकाऱ्यांना बाहेरून आलेल्या या बड्या अमेरिकनाबद्दल वाटणारा संशय आणि हळूहळू आलेला आदर त्याच्या तोंडावर दिसतो. सोड्याच्या बाटल्यांमुळे झाकले जाते. त्या प्रसंगाला लोक हसतात आणि हसता हसता विसरतात की हत्यारे खरोखरच नव्हती आणि त्यापायी माणसे मेली.

आता अभिनय. कर्क डग्लस चित्रीकरणाच्या वेळी अठ्ठेचाळिशीचा होता, मार्कस मृत्युसमयी सत्तेचाळीस वर्षांचा. वयाने जोडी जुळते. रशियातून आलेल्या गरीब यहुदी आईबापांचा हा मुलगा, जन्मनाव इस्सूर डॅनिएलोविच. १९५३ सालच्या 'द जगलर' या चित्रपटासाठी तो या देशात येऊन गेला होता. तेव्हा हा विषय त्याला परका नव्हता. तरीही पहिला तासभर तो मार्कस कमी आणि कर्क डग्लस जास्त वाटतो. छाती पुढे, हनुवटी वर, प्रत्येक वाक्य जणू शेवटचे. मार्कस वेस्ट पॉइंटचा मुष्टियोद्धा होता, तेव्हा थोडा रुबाब चालेल. पण जो माणूस रात्र रात्र बसून सैनिकांसाठी पाठ्यपुस्तके लिहीत होता, तो डग्लसमध्ये कुठे दिसत नाही. लात्रूनच्या अपयशानंतर मात्र तो शांत होतो, आवाज खाली येतो, आणि तिथून पुढे आमचे त्याच्याशी भांडण नाही.

सर्वांत चांगले काम ल्यूथर अॅडलरचे. यिद्दिश रंगभूमीवरच्या नामांकित घराण्यातला हा नट. त्याचा जेकब झायन हात फार हलवत नाही, आवाज चढवत नाही. कुणाला मरायला पाठवायचे हे ठरवणाऱ्या माणसाचा थकवा त्याच्या खांद्यांत दिसतो. सिनात्रा आणि वेन यांच्याविषयी काय लिहावे? ते पडद्यावर आले की यरुशलेम नाहीसे होते आणि हॉलीवूड उरते. मोठे मामा म्हणाले, "लग्नात बड्या पाहुण्याला हार घालायला स्टेजवर बोलावतात, तसं हे." याहून नेमके आम्हाला सुचणार नाही.

मात्र आमची मुख्य तक्रार याहून खोल आहे, आणि ती भाषेविषयी आहे.

या चित्रपटात सारेच इंग्रजी बोलतात. सेनापती, शिपाई, बोटीतून उतरलेले निर्वासित, अरब शेख, सगळे. धंद्याची अडचण आम्हाला समजते. पण मार्कसच्या गोष्टीचा शेवटच भाषेवर उभा आहे. एक पहारेकरी हिब्रूत विचारतो, एक सेनापती इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांपैकी एकालाही दुसरा कळत नाही. दोन तास ज्या जगात प्रत्येकाला इंग्रजी येत होते, तिथे शेवटच्या पाच मिनिटांत इंग्रजी बोलल्यामुळे माणूस मरतो, हे प्रेक्षकाला पटायचे कसे? त्याला तो निव्वळ अपघात वाटतो. वास्तविक तो त्या साऱ्या युद्धाचा सारांश होता. दहा देशांची माणसे, दहा भाषा, एकाच खंदकात.

लात्रूनवर नेमके हेच झाले. सातव्या ब्रिगेडमध्ये सायप्रसच्या छावण्यांतून नुकतेच सुटून आलेले, युरोपातील संहारातून वाचलेले तरुण भरती केले होते. हिब्रूतले हुकूम अनेकांना समजत नव्हते. पाणी अपुरे, हवा तापलेली, माश्यांचे थवे. हल्ल्याला उशीर झाला, उजाडले, आणि उघड्या शेतात ते किल्ल्यावरच्या तोफांपुढे सापडले. बोटीतून उतरून थेट लढाईत जाणारी ही माणसे चित्रपटात दिसतात, त्याचे श्रेय द्यायला हवे. पण ती पार्श्वभूमीला दिसतात. त्यांच्यातल्या एकालाही नाव नाही, घर नाही, स्वतःचा असा एक प्रसंग नाही. त्यांचे मरण हे नायकाच्या दुःखाचे कारण, एवढाच त्यांचा उपयोग.

इथे आपल्या बाजूने बोलणाऱ्यांनाही थोडे आवरायला हवे. लात्रूनला नव्याने आलेले निर्वासित शेकड्यांनी कापले गेले, अशी आख्यायिका इथे वर्षानुवर्षे चालली. पुढे इतिहासकारांनी नोंदी तपासल्या. पहिल्या हल्ल्यात मेलेल्यांची संख्या सत्तरच्या थोडी वर, आणि त्यांतले सर्वाधिक ३२ व्या बटालियनचे. ती बटालियन अलेक्झांड्रोनी ब्रिगेडकडून आणलेली, आधी लढलेली होती. म्हणजे आख्यायिका फुगलेली होती. पण यामुळे त्या निर्वासितांचे दुःख लहान होत नाही. उलट आकडा खरा असला की एकेक माणूस मोजता येतो. हजार म्हटले की कुणीच दिसत नाही.

रस्त्याचेही तसेच. चित्रपटात हा रस्ता जणू एका माणसाच्या डोक्यातून निघतो. प्रत्यक्षात हारेल ब्रिगेडचे पालमाखवाले आधी त्या डोंगरांतून पायी उतरून आले होते. मग अमोस होरेव यांच्यासारखे अधिकारी मार्कसला घेऊन जीपने त्या वाटेवर फिरले. त्यानंतर बुलडोझर आले, पाथरवट आले. एका ठिकाणी चढ इतका खडा होता की गाडी जाईना. तिथे तेल अवीवहून आणलेली, सैन्यात घेण्याच्या वयाची नसलेली पोक्त माणसे रात्री पिठाच्या गोण्या पाठीवर घेऊन चढ चढत, खेचरांच्या बरोबरीने. यरुशलेम वाचवले ते या पाठींनी. धाकटे मामा इथे एकदम बोलले, "मला त्या गोणीवाल्यांचा सिनेमा पाहायचा आहे." त्यांचे वडील १९५० च्या दशकात या देशात आले आणि माबारात राहून पहिली दोन वर्षे झाडे लावायला आणि खडी फोडायला जात. मुंबईत ते रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. मामांना गोणीवाले का दिसले, हे आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही.

आता काही वाचक विचारतील, यात बेने इस्रायलांचा काय संबंध? स्पष्ट सांगतो. आपल्या समाजाची मोठी आलिया १९४८ नंतरची. बर्मा रोडवर आपली माणसे होती असा दावा आम्ही करणार नाही. दुसऱ्याने इतिहास वाकवला म्हणून ओरडायचे आणि आपण आपल्यासाठी वाकवायचा, हे बरे नव्हे. पण हा चित्रपट ज्या साली या देशात चित्रित झाला ते साल १९६५, आणि ते आपण विसरू शकत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ च्या उन्हाळ्यात, आपली माणसे यरुशलेममध्ये रस्त्यावर बसली होती. मुख्य रब्बीनतने १९६२ साली सूचना काढल्या होत्या की बेने इस्रायल वर किंवा वधू लग्नासाठी आली तर तिच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या कुळाची होईल तितकी मागची चौकशी करावी. पिढ्यान् पिढ्या शब्बाथ पाळून, शनवारी घाणा बंद ठेवून शनवार तेली हे नाव मिळवलेल्या लोकांना, तुम्ही यहुदी आहात का, असे विचारले गेले. बायकामुलांसकट लोक बसून राहिले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, आणि त्या महिन्याच्या अखेरीस रब्बीनतने सूचनांतून आपले नाव काढले. यरुशलेमच्या दारावर उभे राहून पहारेकऱ्याच्या प्रश्नाला आपल्या भाषेत उत्तर देणे आणि ते त्याला न कळणे, हे काय असते ते आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

म्हणून आम्हाला पडद्यावरचे लोक मोजायची सवय लागली आहे. कोण बोलतो, कोण नुसता उभा राहतो. या चित्रपटातील अरब शेखाची भूमिका हायिम टोपोलने केली आहे. त्याच टोपोलने १९६४ च्या 'सल्लाह शब्बाती'मध्ये माबारातील पौर्वात्य ओलेची भूमिका केली होती. नट थोर, प्रश्नच नाही. विशीतल्या तरुणाने म्हातारा उभा केला. पण पूर्वेकडचा माणूस दाखवायचा तर तो तेल अवीवमध्ये जन्मलेल्या अश्केनाझी नटानेच करायचा, हा त्या काळचा रिवाज होता.

यरुशलेमच्याच लढ्यावर १९५५ साली इथे निघालेला 'हिल २४ डझन्ट आन्सर' हा थोरोल्ड डिकिन्सन यांचा चित्रपट आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात चार जण एक टेकडी राखायला जातात: एक आयरिश, एक अमेरिकन, एक इथला जन्मलेला आणि एक येमेनी मुलगी. जुन्या शहराच्या वेढ्याचे प्रसंग त्यात अंगावर येतात. पैसा कमी आणि तारे नाहीत, म्हणून असेल, माणसे माणसांसारखी वागतात. पण तिथेही तिघा पुरुषांना आपापली गोष्ट सांगायला मिळते. चौथी, मार्गालित ओवेदने केलेली एस्तेर, हिच्या गोष्टीवर वेळ येतच नाही. ती इतरांबरोबर मरते मात्र. मरणात वाटा समान, गोष्टीत नाही.

आता आपल्याच घराकडे पाहू. आपल्या समाजातही एक युद्धकथा आहे. सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या लोकांच्या हाती सापडले, आपण बेने इस्रायल आहोत असे सांगितल्यावर त्यांचा जीव वाचला, आणि नवस फेडण्यासाठी त्यांनी १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले. सिनेगॉग आहे, साल आहे, माणूस खरा आहे. दरबारात कोण काय म्हणाले, टिपूच्या आईने मध्यस्थी केली की कसे, हा भाग घराघरांत वेगवेगळ्या रीतीने सांगितला जातो. आम्ही लहानपणी ऐकलेली गोष्ट आणि मामांनी ऐकलेली गोष्ट जुळत नाही. उद्या कुणी यावर चित्रपट काढला तर आम्हाला काय हवे असेल? दिवेकरांसाठी एखादी मॅग्डा नको. आख्यायिका आख्यायिका म्हणून दाखवा, चालेल. पण कोकणातून पलटणीत गेलेले बाकीचे शिपाई, त्यांची वाट पाहणाऱ्या गावच्या बायका, त्यांची मराठी, हे सारे असले पाहिजे.

त्यासाठी कुणीतरी ते आधी लिहून ठेवायला हवे. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपला इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला, ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते. तरी ते होते, म्हणून आज आपण बोलू शकतो. पटकथाकाराला दोष देणे सोपे आहे. पण टेड बर्कमनने मार्कसचे चरित्र लिहिले म्हणून मार्कसवर चित्रपट निघाला. गोणीवाल्यांचे चरित्र तितक्या मेहनतीने कुणी बाजारात आणले नाही.

नव्व्या आबला आपल्याकडे बिरड्याचा सण म्हणतात. उपास सुटला की केळीच्या पानावर वालाचे बिरडे. यरुशलेमचा वेढा आणि विध्वंस आपल्या आयाबायांनी असा जपला, रांधून आणि वाढून. आमच्या आजीला रोमन सेनापतीचे नाव माहीत नव्हते. पण शहर उपाशी होते हे तिला माहीत होते, आणि म्हणून आपण आज दिवसभर उपाशी राहायचे हेही. वेढ्याची गोष्ट सांगताना मुख्य काय आणि गौण काय, हे तिला हॉलीवूडपेक्षा जास्त कळत होते असे आम्हाला वाटते.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दुसऱ्या दिवशी दिले. त्याला गाडीत घालून बर्मा रोडच्या खुणा दाखवायला नेले. चढावर उभे राहून त्याने खाली पाहिले आणि विचारले, "गोणी केवढ्या वजनाची असेल?" धाकटे मामा म्हणाले, "उचलून बघ, मग सांग." पोराने त्यांची पिशवी खांद्यावर घेतली. पाणी, फळे आणि मामींनी दिलेल्या पोळ्या. वर पोहोचेपर्यंत घामाघूम झाला. चित्रपट त्याला आवडला होता, अजूनही आवडतो, आमची ना नाही. पण आता तो पाहताना तो कुणाला शोधील, हे आम्हाला माहीत आहे.

परदेशातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात कुणी आजोबा, आजी, मावशी, काका असतील, ज्यांनी पलटणीत नोकरी केली, माबारात दिवस काढले किंवा १९६४ साली यरुशलेममध्ये बसून राहिले, तर त्यांच्याशी बोला आणि ते त्यांच्याच मराठीत उतरवून घ्या. साल विचारा, गावाचे नाव विचारा, बरोबर कोण होते ते विचारा. आठवत नसेल तिथे जागा कोरी ठेवा, भरू नका.

शालोम.